शी फक्त डायपरमध्येच करणारा मुलगा: आधी पोट, मग पॉटी

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे: "मागच्या आठवड्यात शीला थोडं रक्त लागलेलं दिसलं." मी सुरुवात तिथूनच करते, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा त्या ओळीत आहे.

आधी तुमची अडचण माझ्या शब्दांत मांडते. मुलगा २ वर्षं ८ महिन्यांचा. शू भांड्यात करतो, बहुतेक वेळा आधी सांगतोही. शी मात्र डायपर लावल्याशिवाय करत नाही. डायपर स्वतः आणून देतो, पडद्यामागे जाऊन उभा राहतो, आणि तीही तिसऱ्या-चौथ्या दिवशी. व्हिडिओ पाहून तुम्ही तीन दिवसांची पद्धत केलीत, डायपर माळ्यावर टाकलेत, तर त्याने पाच दिवस शीच केली नाही. स्टिकर झाले, चॉकलेट झालं, रागावून झालं. सासूबाई म्हणतात, "हट्ट आहे नुसता, आमची मुलं वर्षाची असताना पायावर बसून करायची." जूनमध्ये प्लेग्रुप सुरू होतोय आणि तिथे डायपर चालत नाही. म्हणून तुम्ही विचारताय की दिवसाचे डायपर एकदाचे बंद करावेत का, दोन महिन्यांत याला शिकवायचं कसं, आणि रात्रीच्या डायपरचं काय करायचं.

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. माझं उत्तर असं: डायपर आजच खाली काढा आणि त्याला द्या. शीचं शिकवणं काही काळ पूर्ण थांबवा. आणि मुलाला तुमच्या डॉक्टरांना दाखवा, कारण त्याला बहुधा शी करताना दुखतंय. ज्याला दुखतंय त्याला कितीही युक्त्या केल्या तरी शिकवता येत नाही.

हे मी कशावरून म्हणते ते सांगते. कधीतरी एकदा त्याची शी कडक झाली असणार. ताप येऊन गेला असेल, प्रवासात पाणी कमी पडलं असेल, दूध वाढलं असेल, किंवा "झाल्याशिवाय उठायचं नाही" म्हणून बसवल्यामुळे त्याने मुद्दाम रोखून धरली असेल. कडक शी बाहेर येताना गुदद्वाराला बारीक चीर पडते. शीच्या बाहेरच्या बाजूला लागलेलं लालभडक रक्त बहुतेक वेळा या चिरेचं असतं. ही चीर मोठ्या माणसालाही घाम फोडते. अडीच वर्षांच्या मुलाला त्यातून एकच कळतं: शी आली की दुखतं, तेव्हा येऊच द्यायची नाही. तो ती आवळून धरतो. आत राहिलेल्या शीतलं पाणी मोठं आतडं शोषत राहतं, ती अजून जाड आणि कोरडी होते, चौथ्या दिवशी बाहेर पडताना पुन्हा चीर पडते, आणि आपलं बरोबरच होतं अशी त्याची खात्री होते.

हे बरेच दिवस चाललं की दुसरी अडचण उभी राहते. शेवटचा भाग, म्हणजे गुदाशय, ताणून ताणून सैल झालेल्या चड्डीच्या इलास्टिकसारखा होतो. तिथे शी जमली तरी 'लागल्याची' जाणीव वेळेवर होत नाही. काही मुलांमध्ये मग कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते आणि चड्डीला डाग पडतात. घरच्यांना वाटतं जुलाब झाले, आणि ते शी घट्ट करणारं औषध देतात. तुमच्या मुलाला असे डाग पडत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता एक गोष्ट तुम्ही स्वतः पाहून ठरवा. तो पडद्यामागे उभा असतो तेव्हा नेमकं काय करतो? दुखण्याच्या भीतीने शी रोखणारं मूल टाचा उचलून चवड्यांवर उभं राहतं. पाय ताठ असतात किंवा एकमेकांत अडकवलेले. ढुंगण घट्ट आवळलेलं. हाताने सोफ्याची पाठ किंवा फ्रिजचा दांडा पकडलेला. तोंड लाल, कपाळावर घाम, कधी अंग थरथरतं. घरातले म्हणतात, "बघा, किती जोर लावतोय बिचारा." तो जोर लावत नसतो. तो सगळी ताकद शी आत ठेवायला वापरत असतो. मिनिटभराने कळ जाते, तो खेळायला पळतो, आणि आपल्याला वाटतं की याने फसवलं. हे चित्र जुळत असेल तर हट्टाचा विषय तिथेच संपवा.

तुमचं मूल काही जगावेगळं नाही. अमेरिकेत ब्रूस टॉबमन या बालरोगतज्ज्ञांनी १९९७ साली ४८२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या १०६ मुलांनी, म्हणजे पाचातल्या एकाहून थोडं जास्तच, शू भांड्यात करायला लागल्यावरही किमान महिनाभर शी तिथे करायला नकार दिला होता. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की शी करताना लपून बसणाऱ्या मुलांमध्ये बद्धकोष्ठता आणि शी रोखणं जास्त आढळतं. पडद्यामागे जाण्याकडे मी लक्ष देते ते यामुळेच.

डायपर काढून घेतल्यावर पाच दिवस शी का झाली नाही, तेही आता कळेल. डायपरमध्ये उभ्याने, आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात, कोणी न बघता, तो कशीबशी करू शकत होता. तेवढी एक जागा त्याला सुरक्षित वाटत होती आणि तीच गेली. तीन दिवसांच्या पद्धती शूसाठी आणि तयार झालेल्या मुलासाठी ठीक आहेत, पुष्कळ घरांत त्या चालतात. रोखून धरणाऱ्या मुलावर त्या करू नयेत. आठवड्याची साठलेली शी आणि पुन्हा एक चीर, एवढंच त्यातून हाती लागतं.

डॉक्टर काय करतील? पोट दाबून पाहतील. डाव्या बाजूला, बेंबीच्या खाली, साठलेली शी हाताला लागते. बाहेरून चीर दिसते का ते बघतील. मग बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्ट्युलोजचं पातळ औषध देतील. दोन्ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात, त्यामुळे शी मऊ राहते. पहिल्या औषधाला चव जवळजवळ नसते, पाण्यात विरघळतं, म्हणून मुलांना द्यायला मला ते सोपं वाटतं. डोस वजनावर ठरतो. खूप साठलं असेल तर सुरुवातीचे काही दिवस मोठा डोस देऊन पोट मोकळं करावं लागतं आणि मग रोजचा लहान डोस चालू राहतो. हे तुमच्या डॉक्टरांनी मुलाला पाहूनच ठरवायचं आहे, इथे वाचून नाही.

इथे नव्वद टक्के आयांचा जो प्रश्न येतो, तो तुमच्याही मनात असेल: सवय लागेल का? नाही. या औषधांची आतड्याला सवय लागत नाही. उलट ती लवकर बंद केल्याने मुलं पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. चार दिवस शी मऊ झाली की बाटली कपाटात जाते, पंधरा दिवसांनी एक कडक शी होते, आणि सगळं मुळापासून सुरू. युरोप आणि अमेरिकेतल्या मुलांच्या पोटविकार तज्ज्ञांनी २०१४ साली एकत्र काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रोजचं औषध किमान २ महिने, आणि त्रास पूर्ण थांबल्यावर किमान १ महिना चालू ठेवून मग हळूहळू कमी करायला सांगितलं आहे. दुखणं थांबायला काही दिवस पुरतात. दुखेल ही भीती जायला महिने लागतात, आणि औषध तितके दिवस लागतं ते त्या भीतीसाठी.

शी किती मऊ हवी? ब्रिस्टल तक्ता म्हणून एक साधा तक्ता आहे, त्यात शीचे ७ प्रकार चित्रांसह दाखवलेले असतात. १ म्हणजे सुट्या कडक गोळ्या आणि ७ म्हणजे निव्वळ पाणी. आपल्याला ४ हवा: गुळगुळीत, आकार धरणारी, मऊ. उपचार चालू असताना ५ आला तरी मी आनंदी असते. कालनिर्णयच्या ज्या चौकटीत तुम्ही दुधाचा हिशोब लिहिता, तिथेच कोपऱ्यात शीचा आकडा लिहीत जा. शी झाली नाही त्या दिवशी शून्य. डॉक्टरांना पुढच्या वेळी ते पान दाखवलंत की डोस बदलायला त्यांना दुसरं फारसं काही विचारावं लागत नाही.

काही गोष्टी मात्र कृपा करून करू नका. साबणाची कांडी, विड्याच्या पानाचा तेलात बुडवलेला देठ, दर दोन दिवसांनी एनिमा. या सगळ्याने त्या वेळेपुरती शी होते, पण ज्या जागेची मुलाला धास्ती आहे तिथेच आपण जबरदस्तीने हात घालतो. साबणाने आतली नाजूक त्वचा जळजळते. एरंडेलाने पोटात मुरडा येतो आणि भीती आणखी वाढते. डॉक्टरांनी एखाद वेळी कारण पाहून एनिमा दिला तर ती गोष्ट वेगळी.

चीर भरेपर्यंत धुण्याकडेही लक्ष द्या. जेट स्प्रेचा गार, जोरदार फवारा त्या चिरेवर बसला की मूल किंचाळतं, आणि पुढच्या वेळी बाथरूमच्या दारापाशीच अडतं. मगात कोमट पाणी घ्या, हाताने हळू धुवा, टिपून कोरडं करा, बाहेरून थोडी पेट्रोलियम जेली लावा. संध्याकाळी दहा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात खेळायला बसवलंत तर आवळलेले स्नायूही सैल पडतात.

खाण्याबद्दल फार ताण घेऊ नका, एक गोष्ट सोडून: दूध. तुम्ही लिहिलं नाहीये, पण हा मुलगा दिवसाला किती दूध पितो ते मोजा. सकाळी एक बाटली, दुपारी झोपताना एक, रात्री एक, आणि जेवला नाही म्हणून मध्ये एक, असा हिशोब मी रोज ऐकते. या वयाला दिवसभरात साधारण ४०० ते ५०० मिलि पुरे. त्याहून जास्त दुधाने भूक मरते, पोळी-भाजी पोटात जात नाही, शी घट्ट होते आणि लोहाची कमतरता वेगळीच. बाटली अजून असेल तर ती आधी सोडवा. बाकी नेहमीचं घरचं जेवण: वरण-भात, भाकरी दुधाऐवजी भाजीत किंवा आमटीत कुस्करून, मुगाची उसळ, पपई, बिया काढलेला पेरू, भिजवून कुस्करलेल्या मनुका, दुपारी ताक. बिस्किटं, खारी, टोस्ट यांवर पोट भरत असेल तर ते कमी करा. पण नुसत्या खाण्याने महिनोन्‌महिन्यांचं रोखणं सुटेल, अशी आशा धरून औषध लांबवू नका. तसं होताना मी क्वचितच पाहिलंय.

आता सासूबाईंबद्दल. त्या खोटं बोलत नाहीयेत. आपल्याकडे आजी किंवा आई पाटावर बसून पाय पुढे करायची, पावलांत थोडं अंतर ठेवायची, आणि चार-पाच महिन्यांच्या बाळाला त्या पायांवर उकिडवं बसवून 'शूऽऽ' करायची. बाळ खरोखर करायचं. दूध प्यायल्यावर, झोपेतून उठल्यावर आतडी आपोआप हलतात, आणि आजी ती वेळ बरोबर ओळखायची. दिवसभर घरात कोणी तरी मोकळं असायचं आणि लंगोट ओला झाला की बाळाला आणि आजीला दोघांनाही लगेच कळायचं. त्या पद्धतीत बाळाच्या शरीराचं वेळापत्रक मोठं माणूस शिकत होतं. स्वतःला लागलंय हे ओळखणं, थोडा वेळ धरणं, जागेवर जाणं, चड्डी काढणं आणि मग सोडणं, हे सगळं मुलाने स्वतः करणं ही पुढची पायरी, आणि ती बहुतेक मुलांना दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान जमते. टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. मुलाच्या तयारीप्रमाणे, घाई न करता शिकवलेल्या त्या मुलांचं दिवसाचं शिकणं पूर्ण व्हायचं सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने होतं. म्हणजे तुमचा मुलगा काही फार मागे नाही, आणि शूच्या बाबतीत तर तो वेळेवरच आहे.

उलट सासूबाईंच्या पद्धतीतल्या दोन गोष्टी मला तुमच्या घरात परत हव्या आहेत. एक, बसण्याची ढब. आजीच्या पायांवर मूल उकिडवं असायचं, गुडघे वर, पाठीला माणसाचा आधार. तुमच्याकडे फक्त कमोड आहे. त्यावर लहान सीट बसवली तरी मुलाचे पाय हवेत लोंबकळतात, तोल जाईल म्हणून ते हाताने कडा धरून ताठ बसतं, आणि ताठ बसलेल्या मुलाचे खालचे स्नायू सैल सुटत नाहीत. म्हणून जमिनीवरचं छोटं भांडं सगळ्यात चांगलं. कमोडच वापरायचा असेल तर पायाखाली भक्कम पाट किंवा स्टूल हवं, इतकं उंच की गुडघे कमरेपेक्षा जरा वर येतील, आणि तो किंचित पुढे वाकून कोपरं मांड्यांवर टेकवू शकेल. दुसरी गोष्ट वेळेची. खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आतड्यांना जोर येतो. सकाळी दूध-नाश्ता झाल्यावर सगळ्यांची ऑफिसची गडबड असते, तेव्हा तुमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतरची वेळ जास्त सोयीची पडेल असं मला वाटतं. हे काम सासूबाईंकडे सोपवा. त्या घरात आहेत, त्यांना सवय आहे, आणि टीका करणाऱ्या माणसाला जबाबदारी दिली की बोलण्याचा सूरही बदलतो.

इथवरचं थोडक्यात: शी मऊ करणारं औषध सुरू, डायपर परत, दूध मोजून, बळजबरी बंद. हे स्थिर झाल्याशिवाय पुढे वाचलेलं काही करू नका. स्थिर म्हणजे सलग दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज मऊ शी, रडणं नाही, चवड्यांवर उभं राहणं नाही. मग ती डायपरमध्ये झाली तरी चालेल.

त्यानंतर डायपरमधून भांड्यावर जायचं ते लहान लहान पायऱ्यांनी. आधी डायपर लावूनच, पण पडद्यामागे न जाता बाथरूममध्ये उभा राहून करू दे. ते सवयीचं झालं की डायपर लावलेलाच भांड्यावर बसू दे. मग डायपर सैल करा. मग डायपर भांड्याच्या आत अंथरा आणि त्याला उघडं बसवा. शेवटी डायपर काढून टाका. प्रत्येक पायरीला किती दिवस लागतील ते मूल ठरवतं. कोणी आठवड्यात सगळ्या पायऱ्या चढतं, कोणी एकाच पायरीवर पंधरा दिवस थांबतं. एखाद्या पायरीला रडला तर मुकाट्याने एक पायरी मागे या. बसवायचं ते तीन ते पाच मिनिटं, झाली तरी आणि नाही झाली तरी उठू द्यायचं. मोबाइल हातात देऊ नका. त्यात गुंगला की लागल्याची जाणीवच त्याला होत नाही, आणि आपल्याला नेमकी तीच शिकवायची आहे. त्याऐवजी पिपाणी किंवा साबणाचे फुगे द्या. फुंकर मारताना पोटाचे स्नायू जोर करतात आणि खालचे सैल पडतात. 'जोर लाव' हे त्याला समजावता येत नाही, पिपाणी वाजवता येते.

फ्लशचा आवाज पुष्कळ मुलांना घाबरवतो. आपल्याच अंगातून निघालेली वस्तू घरघर करत भोकात गेली, हे त्यांना सहन होत नाही. तो बाहेर गेल्यावर फ्लश करा. काही मुलांना उलट 'टाटा' करायला मजा वाटते. तुमचा त्यातला असेल तर करू दे.

बक्षीस द्यायचंच असेल तर बसण्याला द्या, शी होण्याला नको. बसणं त्याच्या हातात आहे, शी होणं दर वेळी नाही. आणि घरातल्या प्रत्येकाने, कामाला येणाऱ्या मावशींसकट, एक पथ्य पाळायचं: डायपर उघडल्यावर नाक दाबणं, 'छी, घाण' म्हणणं, पाहुण्यांसमोर 'अजून डायपरमध्ये करतो' सांगणं, शेजारच्या मुलीशी तुलना करणं बंद. हा नुसता सद्भावनेचा मुद्दा नाही. टॉबमन यांच्याच गटाने २००३ साली पालकांच्या एका गटाला शीबद्दल वाईट शब्द न वापरायला आणि डायपरमध्ये शी केल्यावरही कौतुक करायला सांगून पाहिलं. नकार देणाऱ्या मुलांचं प्रमाण कमी झालं नाही, पण त्यांचा नकार लवकर संपला. चटका देईन, बाबाजी नेईल, सुई टोचतील, असल्या धमक्यांनी मुलं शी अधिक घट्ट धरतात. त्या कोणीच देऊ नयेत.

एप्रिल-मे हे दिवस या कामाला चांगले आहेत. मूल घरात नुसत्या चड्डीवर किंवा उघडं फिरू शकतं, धुतलेलं तासाभरात वाळतं. जुलैत चार-पाच चड्ड्या ओल्या झाल्या की दोरीवर दोन दिवस लोंबत राहतात आणि आईचा संयम संपतो. सैल इलास्टिकच्या, त्याला स्वतः खाली ओढता येतील अशा चड्ड्या घ्या. बटणाच्या जीन्स आणि डंगरी सध्या ठेवून द्या.

आता यातलं काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण मी मुलाला पाहिलेलं नाही. तुमच्या लक्षात आलं की शी आधीपासून मऊ आहे, रोज होते, दुखत अजिबात नाही आणि फक्त डायपरचीच सवय आहे, तर औषधाची गरज नाही. थेट पायऱ्यांपासून सुरुवात करा. तो दिवसभर पाळणाघरात असेल तर तिथल्या ताईंनी हेच केलं नाही तर घरच्या मेहनतीचा उपयोग अर्धाच होईल. घरात नवं बाळ आलंय, घर बदललंय, आई-बाबांपैकी कोणी बाहेरगावी गेलंय, अशा वेळी दोन महिने काही सुरू न करणंच बरं. बोलणं खूप मागे असेल, डोळ्यांत बघत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर पॉटीच्या आधी विकासाची तपासणी व्हायला हवी, आणि शिकवण्याची पद्धतही वेगळी असते.

आणि काही गोष्टी असतील तर हे सगळं बाजूला ठेवून लगेच दाखवा. जन्मानंतर पहिली काळी शी व्हायला दोन दिवसांहून जास्त लागले होते. पहिल्या महिन्यापासूनच बद्धकोष्ठता आहे. पोट फुगलेलं राहतं, हिरवी उलटी होते. वजन वाढत नाही. शीत रक्त मिसळलेलं येतं किंवा पुष्कळ येतं. पाय अशक्त वाटतात, चाल बदलली आहे, कंबरेखाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका आहे. तापासोबत शू करताना रडतो, किंवा शू थेंबथेंब सतत गळते. यातलं काही तुमच्या लिहिण्यात नाही, पण डॉक्टर विचारतील तेव्हा उत्तर तयार असू द्या.

जूनचं काय? प्रामाणिकपणे सांगते, जूनपर्यंत हे पूर्ण होईलच असं मी म्हणणार नाही. औषध या आठवड्यात सुरू झालं तर तोवर रोज मऊ शी होणं आणि बाथरूममध्ये डायपर लावून करणं इथवर बरीच मुलं पोचतात. पण प्लेग्रुप दोन-तीन तासांचा असतो आणि शू तो सांगतो, म्हणजे शाळेची खरी गरज भागतेच आहे. शी संध्याकाळी घरी होईल अशी वेळ बसली की चड्डी घालून पाठवायला हरकत नाही. शाळेत आधी जाऊन शिक्षिकांना स्पष्ट सांगा की औषध चालू आहे, एखाद वेळी चड्डी खराब होईल, दोन जोड पिशवीत आहेत, आणि झाल्यास कोणी रागावू नये. तिथलं टॉयलेट त्याला शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा नेऊन दाखवा. मोठं, अंधारं, अनोळखी टॉयलेट पाहून व्यवस्थित शिकलेली मुलंही रोखायला लागतात. आणि शाळा अजिबात ऐकत नसेल तर प्रवेश तीन-चार महिन्यांनी घ्या. पावणेतीन वर्षांच्या मुलाचं त्यात काही बुडत नाही.

रात्रीच्या डायपरला इतक्यात हात लावू नका. रात्री कोरडं राहणं शिकवून येत नाही. झोपेत मूत्राशय भरल्यावर जाग येणं आणि रात्री लघवी कमी तयार होणं, या दोन्ही गोष्टी शरीर आपल्या वेळेने शिकतं. पाच वर्षांपर्यंत गादी ओली होणं आम्ही आजार मानत नाही, आणि वडील किंवा आई लहानपणी उशिरापर्यंत ओलं करत असतील तर मुलालाही वेळ लागतो. सकाळचा डायपर सलग आठ-दहा दिवस कोरडा निघाला की काढून बघा. तोवर झोपायच्या आधी एकदा शू करवून घ्या, रात्रीचं दूध जेवणाच्या वेळेला आणा, आणि डायपर काढाल त्या दिवशी चादरीखाली रबरी शीट घाला.